नदीकाठचे गट नंबर

सकाळी ६.४५
बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीचा काठ. इथल्या काही गटांवरचा हिरवा पट्टा उठवून ती जमीन नागरीकरणक्षम करावी, असा प्रस्ताव आमच्या नियोजन कार्यालयाकडे आला आहे. नस्तीत सातबारा, गावनकाशा, उपग्रहाचं छायाचित्र सगळं लावलेलं आहे. पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कागदावर दिसत नाही, म्हणून उजाडताच इथे आले. सोबत तलाठी आणि भूमी अभिलेखचे भूकरमापक आहेत.

गावनकाशात या गटांच्या मधून ओढा दाखवलेला आहे. जागेवर तो शोधावा लागला. भाताच्या खाचरात माणसाच्या उंचीचा भराव पडला आहे. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, काँक्रीटचे ढेपळे, मधेच एक तडकलेलं बेसिन. कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीचा हा राडारोडा डंपर भरभरून इथे ओतला गेला. ओढ्याच्या जागी भरावाखालून एकच सिमेंटचा पाइप काढला आहे. त्याचं तोंड गाळानं निम्मं बुजलं आहे आणि पुढचं पाणी साचून हिरवं झालं आहे. भूकरमापकांनी टेप लावली. पाइपाचा व्यास मी टिपून घेतला आणि फोटो काढले.

शेजारच्या वाडीतले एक काका तोवर येऊन उभे राहिले. मी विचारलं, "काका, पाणी कुठवर येतं?" त्यांनी पंपघराच्या भिंतीला डोक्याच्या वर हात लावला. "दोन हजार पाचच्या सव्वीस जुलैला इथवर. एकोणीस सालीही आलंच होतं. तेव्हा हे शेत मोकळं होतं मॅडम, पाणी पसरायचं. आता आमच्या आळीत शिरणार, दुसरं काय?"

पुराचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

सकाळी ८.३०
गाडीत. बसायला मिळालं, म्हणून टिपणं नीट लिहून काढता आली.

२७ जुलै २०१९ ला याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मधे, महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पुरात अडकली होती. बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं, सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. बातमी तिथेच संपली. रुळांच्या आजूबाजूच्या जमिनीचं पुढे काय झालं, याची बातमी होत नाही.

उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगवते. कर्जत, नेरळ, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. वाटेत बारवी, काळू, भातसा तिला येऊन मिळतात. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी हिच्यात येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते आणि काठच्या शहरांची तहान भागवते. मोठा पाऊस आणि खाडीची भरती एका वेळी आली की खालचं पाणी हलत नाही आणि वरचं थांबत नाही. या एका नदीच्या काठी नगरपरिषदा आहेत, महानगरपालिका आहेत, औद्योगिक क्षेत्रं आहेत, ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकाचा आराखडा आपल्या हद्दीपाशी थांबतो. या हद्दी ओलांडून नदी एका नकाशावर बघणारा आराखडा म्हणजे प्रादेशिक योजना.

सकाळी १०.३०
टेबलावर. सकाळचे बिंदू संगणकावरच्या नकाशात टाकले, त्यावर पूररेषा चढवल्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्रस्तावातली थोडी जमीन निळ्या रेषेच्या आत आहे, बरीचशी दोन रेषांच्या मधे.

मग जे काम या नस्तीपुरतं मागितलेलं नव्हतं, ते केलं. याच नदीकाठचे आधी मंजूर झालेले फेरबदल एकेक करून त्याच नकाशावर भरले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २० खाली मंजूर योजनेत असे बदल करता येतात. जुन्या टिपण्या काढून वाचल्या. जवळपास प्रत्येकीत तेच वाक्य: प्रस्तावाखालील क्षेत्र प्रदेशाच्या एकूण क्षेत्राच्या मानाने नगण्य आहे. सुटं पाहिलं तर ते वाक्य खरं असतं. मुंबई महानगर प्रदेश सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे, त्यापुढे कुठलाही गट नगण्यच ठरणार. पण पाण्याला प्रदेशाचं क्षेत्रफळ ठाऊक नसतं. ते ज्या दोन-अडीच किलोमीटरच्या काठावर पसरायचं, तिथलेच हे सगळे तुकडे आहेत, आणि नकाशावर ते एकमेकांना टेकू लागले आहेत. ही बेरीज कुणी मांडत नाही, कारण ती मांडायला कुठल्याच नमुन्यात रकाना नाही.

दुपारी १.१५
डबा. नव्याने रुजू झालेल्या सहकारी मुलीने विचारलं, "ताई, पूर्वीचे लोक हे सगळं कसं करायचे?"

हातांनी करायचे, आणि दूरचं बघून करायचे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको आली, १९७३ मध्ये पहिली प्रादेशिक योजना मंजूर झाली. दुसरी १९९९ ची, तिसरी २०२१ ची. तिसरीचा मसुदा २०१६ मध्ये जाहीर झाला होता. योजना मंजूर व्हायला वर्षं जातात. तेवढ्यात जमीन थांबून राहत नाही.

दुपारी ३.००
सुनावणी, वेगळ्या प्रस्तावाची. टिटवाळ्याकडचा काळू नदीचा काठ. हरकती घेणारे होते, त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं. मग बाजूने बोलणारे एक शेतकरी उठले.

"साहेब, तुम्ही माझी जमीन हिरवी ठेवता. पलीकडच्याची पिवळी झाली, त्याचा बंगला झाला. भाताला काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. पोरगा कंपनीत कंत्राटावर. पूर अडवायचं काम माझ्या शेतानं करायचं, मग त्याचा पगार कोण देणार?"

दालनात कुणी काही बोललं नाही. त्यांचं बोलणं मी शब्दशः इतिवृत्तात घेतलं, कारण नियोजनाची खरी दुखरी नस तीच आहे. २०११ च्या जनगणनेतच या प्रदेशाची लोकसंख्या सव्वादोन कोटींवर गेली होती. एवढ्या लोकांसाठी पाणी धरून ठेवायचं, मुरवायचं काम आपण काही हजार शेतकऱ्यांच्या जमिनीवर टाकलं आणि मोबदल्याच्या जागी नकाशावर हिरवा रंग भरला. रस्त्याला जमीन गेली तर भरपाई मिळते, आरक्षणात गेली तर हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो. पूर झेलणाऱ्या शेताला काय मिळतं? याचं उत्तर दिल्याशिवाय एकही हिरवा पट्टा टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे. चौकीदार नेमून जमीन हिरवी राहत नाही. शेतकऱ्याला ती तशी ठेवणं परवडलं, तर राहते.

संध्याकाळी ५.००
सकाळच्या प्रस्तावावर टिपणी लिहायला घेतली. निळ्या रेषेतल्या गटांबाबत फेरबदलाची शिफारस नाही. लाल रेषेपर्यंतच्या गटांबाबत, ओढ्याचा मूळ प्रवाह मोकळा करून भराव काढल्याखेरीज विचार करू नये. सोबत बेरजेचा नकाशा परिशिष्ट म्हणून जोडला. पंपघराच्या भिंतीचा फोटोही लावला, खुणेची उंची लिहून. शेवटच्या परिच्छेदात सुनावणीतला प्रश्न मांडला: पूरक्षेत्रातली शेती राखणाऱ्यांना विकास हक्क किंवा वार्षिक मोबदला देण्याबाबत धोरण व्हावं. अंतिम निर्णय शासनाचा. पण निर्णय घेणाऱ्याच्या समोर एका गटाऐवजी अख्खा काठ असला पाहिजे, इतकं माझ्या हातात आहे.

संध्याकाळी ७.२०
परतीची गाडी. बसायला जागा नाही, पण वर्तमानपत्र हातात आहे आणि आतल्या पानावर बारीक टाइपात एक शासकीय सूचना आहे: अमुक मौजे, अमुक गट, हरित विभागातून वगळण्याबाबत हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. अशा सूचना तुमच्या गावाच्याही निघतात. त्या वाचा. गट नंबर गावनकाशावर शोधा, जागेवर जाऊन ओढा आणि पुराची खूण बघा, आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्या; एका पानाची चालते. तिची पोच मात्र घ्या.