माणदेशातून स्टाइनबेक वाचताना

परवा आटपाडीच्या एसटीत शेजारच्या पोराच्या हातात ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ दिसली. “लई अवघड आहे का हो?” म्हणाला. म्हटलं, ‘बनगरवाडी’ वाचलीयस ना? मग नाही.

जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी १९३९ची. ओक्लाहोमातल्या जोड कुटुंबाची जमीन जाते. जुनी हडसन मोटार कापून तिचा ट्रक करतात, गाद्या-भांडी लादतात आणि ६६ नंबरच्या हायवेने कॅलिफोर्निया गाठतात. तिथं कामाची हँडबिलं वाटून हजारो मजूर बोलावलेले. माणसं जास्त, कामं कमी. मजुरी घसरतच जाते. (ऊसतोडीच्या मुलखात हे समजावून सांगायला नको.)

व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्याच माडगुळ्याचे. त्यांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीतही (१९५५) शेवटी दुष्काळ पडतो, धनगर जगायला बाहेर पडतात.

पण स्टाइनबेककडे दोषी आहेत: बँक, ट्रॅक्टर, बडे बागायतदार. मधेच गोष्ट थांबवून तो सगळ्या विस्थापितांवर अख्खं प्रकरण लिहितो. काही प्रकरणं मला भाषणासारखी वाटतात. माडगूळकर कुणालाच पिंजऱ्यात उभं करत नाहीत. पाऊस आला नाही, एवढंच. मला तेच जास्त लागतं.

स्टाइनबेक पहिल्यांदाच वाचणार असाल तर त्याची छोटी ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) घ्या, एका बैठकीत होते. कुठं अडलात तर खुशाल विचारा.