पोरगं किती पितं यापेक्षा का पितं, ते बघा

आषाढ संपताना गटारी, डिसेंबरात थर्टी फर्स्ट, लग्नसराईत हळदीची रात्र आणि पाच वर्षांनी येणारी ग्रामपंचायतीची निवडणूक. गावाकडच्या बऱ्याच पोरांचा पहिला घोट अशाच एखाद्या दिवशी होतो. घरात समजलं की बाप विचारतो, "किती पिलास?" खरं तर विचारायला पाहिजे, "का पिलास आणि कुणाबरोबर?"

पिण्याची चार कारणं

मानसशास्त्राचे अभ्यासक दारू पिण्यामागची कारणं साधारण चार प्रकारची सांगतात. गावात पाहिलं तर चारही ओळखीची निघतात.

पहिलं कारण मजा. डीजे लागला, अंगात आलं, अजून रंग चढावा म्हणून घेतली. मूड आधीच चांगला असतो. इथं धोका असतो तो प्रमाणाचा. किती झाली याचा हिशेब राहत नाही आणि तशीच मोटारसायकल काढली जाते.

दुसरं कारण सोबत. पुण्याला कामाला गेलेला मित्र सुट्टीला आला, शेतावर बैठक ठरली. पोरांना गप्पा हव्या असतात, दारू निमित्ताला असते.

तिसरं कारण भीड. "घे रे, एकानं काय होतंय?" चव आवडत नसली तरी टोळक्यातून बाजूला पडायचं नसतं, म्हणून ग्लास हातात घेतला जातो.

चौथं कारण मनातला ताप. पोलीस भरतीत थोडक्या मार्कांनी पुन्हा राहिलं, सोयाबीन पडेल भावात विकलं, शेती करतो म्हणून तिसऱ्या स्थळानं नकार दिला. डोक्यातला विचार थांबावा म्हणून घेतली जाते.

एकाच पोराची कारणं दिवसागणिक बदलतात. हळदीत मजेसाठी घेणारा महिन्याभरानं कर्जाच्या नोटिशीपायी घेतो. चारही कारणांत सगळ्यात जास्त जपायला हवं ते चौथ्याला. दुःख विसरायला पिणाऱ्यांना दारूचा त्रास आणि व्यसन जास्त लागतं, असं अभ्यासात वारंवार दिसलं आहे.

बरं वाटतं, मग जास्त वाईट का वाटतं?

दारू मेंदूचं काम मंद करते. त्यामुळं थोडा वेळ काळजी हलकी वाटते. उतरायला लागली की मेंदू उलट जास्त सावध होतो. झोप पहाटे मोडते, छातीत धडधड होते, चिडचिड वाढते. मूळचा प्रश्न तसाच असतो, वर कालच्या खर्चाची आणि बोलण्याची लाज. मग तेच दडपायला संध्याकाळी पुन्हा बाटली. हा फेरा असाच चालू राहतो.

यात एक मोठा धोका आहे. नशेत माणूस मागचा-पुढचा विचार करत नाही. मन खचलेलं, पोटात दारू आणि घरात फवारणीचं औषध, ही गाठ जिवावर बेतू शकते. म्हणून फवारणीचं औषध कुलपातच ठेवावं.

बैठकीचा जोर

एकटा माणूस आपल्या वेगानं पितो, बैठकीत मात्र सगळ्यात जोरात पिणाऱ्याचा वेग बाकीच्यांना लागतो. काँट्री दिलेली असते, मग "पैसे वसूल" म्हणून आणखी एक होते. निवडणुकीत तर फुकटच असते.

"सगळेच घेतात" हेही खरं नाही. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या सर्वेक्षणात १० ते ७५ वयाच्या दर १०० पुरुषांत दारू घेणारे साधारण २७ निघाले. म्हणजे न घेणारेच जास्त. पण ते बोलत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. बैठकीत एकजण ठामपणे "मी नाही घेत" म्हणाला की दुसऱ्यालाही नाही म्हणायला बळ येतं. कायदाही माहीत असावा. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, देशी-विदेशी दारूसाठी २५.

घरच्यांनी काय करावं?

कारण बदललं की उपायही बदलतो. मजेसाठी घेणाऱ्याची गाडीची चावी आधीच काढून घ्यावी. सोबतीसाठी बसणाऱ्याला बसायला दुसरी जागा हवी. व्यायामशाळा, कबड्डीचं मैदान, भजनी मंडळ, काहीही चालेल. भिडेपायी घेणाऱ्याला नाही म्हणायला घरचा आधार द्यावा. मनातल्या तापानं पिणाऱ्याला शिव्या आणि मार दिला तर ताप वाढतो, पिणंही वाढतं.

पोरगं एकटं प्यायला लागलं, भांडण किंवा वाईट बातमीनंतर लगेच बाटलीकडं वळलं, सकाळी हात थरथरायला लागले, तर थांबू नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नये. त्यात फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. व्यसनासाठी १४४४६ आणि मन खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर मोफत आहेत.

आणि बोलायचं ते सकाळी, उतरलेली असताना, चारचौघांत नाही. "का रे, काय झालंय?" एवढं विचारून गप्प बसावं आणि त्याला बोलू द्यावं.