अविनाश साबळेला चारच वर्षे मिळाली असती तर?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे पदक जिंकतो तेव्हा सारी वृत्तपत्रे त्याचा फोटो छापतात. गरिबी, वीटभट्टी, आईवडिलांचे कष्ट, सगळे येते. तो ज्या पलटणीचा जवान, तिचे नाव मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत येते, कधी येतही नाही. ते नाव महार रेजिमेंट. आम्हाला आज त्या शेवटच्या ओळीविषयी लिहायचे आहे.

अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. म्हणजे ज्या वर्षाच्या १४ जानेवारीला आमच्या औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले, त्याच वर्षाचा. आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा सहा किलोमीटरवर, वाहनाची सोय नाही, म्हणून पायपीट. इथे आमचे पत्रकार मित्र लगेच लिहून मोकळे होतात की त्या वाटेवरच ऑलिंपिकपटू घडला. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. मराठवाड्यात पायपीट करून शाळेत गेलेली पोरे गावोगाव आहेत. त्यातली किती ऊसतोडीच्या टोळीत गेली, किती वीटभट्टीवरच राहिली, हे कोणी मोजले? गरिबीने खेळाडू घडत असते तर बीड जिल्ह्याने आजवर पदकांचा ढीग लावला असता.

बारावीनंतर अविनाश सैन्यात भरती झाला, ५ महारमध्ये. तो खेळाडू म्हणून भरती झाला नव्हता, साधा शिपाई म्हणून झाला होता, हे ध्यानात ठेवावे. पुढचा सारा मुद्दा त्यावरच उभा आहे. २०१३-१४ मध्ये सियाचीनचा बर्फ, मग राजस्थानचे वाळवंट, मग सिक्कीम. २०१५ मध्ये तो सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरला. २०१७ मध्ये सैन्याचेच प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले.

ही शर्यत तीन हजार मीटरची. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. साध्या हर्डल्स शर्यतीतला अडथळा पायाने लागला तर पडतो. इथला जड लाकडी अडथळा पडत नाही, धावणारा पडतो. असा हा खेळ वर्षानुवर्षे अंगात मुरावा लागतो. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये केलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे कोणाला मोडता आला नव्हता. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत तो मोडला. पुढे तो स्वतःचेच विक्रम मोडत राहिला आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत होता, ती साखळी त्याने तोडली. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. तिथे अकरावा आला. अकरावा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तीन हजार मीटर सोडा, आपल्या कॉलनीला तीन फेऱ्या मारून पाहाव्यात.

आता त्या दाराकडे वळू. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. माणसे कामापुरती घ्यायची आणि काम झाले की घरी पाठवायची, ही रीत आम्हाला जुनी ओळखीची आहे. अखेर १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात सर्व समाजांचे जवान आहेत. अविनाशची जात आम्ही विचारत नाही, विचारायचे कारणही नाही. बाबासाहेबांनी उघडलेल्या दारातून कोणाचेही लेकरू आत गेले तर आम्हाला आनंदच आहे.

पण ते दार आज कितपत उघडे आहे? १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. शिपायाची भरती चार वर्षांसाठी. त्यानंतर शंभरातले पंचवीसच कायम होणार, बाकीचे पंच्याहत्तर सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही. आम्ही वकील माणसे, तारखांचा हिशेब करायची खोड आहे. अविनाशची चार वर्षे सियाचीनपासून मोजली तरी २०१७-१८ मध्ये संपतात. पहिला राष्ट्रीय विक्रम सप्टेंबर २०१८ चा. म्हणजे ही योजना तेव्हा असती तर विक्रमाच्या आधीच त्याला ‘तुला ठेवायचे की नाही’ या चाळणीतून जावे लागले असते, तेही कोणतेही आंतरराष्ट्रीय पदक खिशात नसताना.

चांगला असता तर पंचवीसमध्ये आलाच असता, असे कोणी म्हणेल. खेळाडूंसाठी वेगळी भरती असते, असेही म्हणतील. ती आहेच. पण ती ज्याच्याकडे आधीच प्रमाणपत्रे आहेत त्याच्यासाठी. मांडव्याच्या वीटभट्टीवरून कोणती प्रमाणपत्रे येणार होती? सैन्याने त्याला जे दिले ते जोड्यांपेक्षा किंवा पोटभर आहारापेक्षा मोठे होते. आपण खेळाडू आहोत हे कळेपर्यंतचा पगार आणि वेळ त्याला मिळाला. अमेरिकेतही असेच एक उदाहरण आहे. पाइन रिज या आदिवासी राखीव क्षेत्रातला, बाराव्या वर्षी पोरका झालेला बिली मिल्स १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर जिंकला, तेव्हा तो मरीन दलात अधिकारी होता. मागे भक्कम नोकरी होती.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत अविनाशचा गुडघा दुखावला, लिगामेंट फाटले, शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. पक्की नोकरी असलेला माणूस अशा वेळी गुडघ्याची काळजी करतो. करारावरचा माणूस आधी घरच्या चुलीची करतो.

इथे विद्यापीठामागे, बुद्ध लेणीच्या रस्त्यावर, आम्ही पहाटे फिरायला जातो तेव्हा भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतात. आष्टी, गेवराई, अंबड, भोकरदन, कुठून कुठून आलेली, खोली करून राहिलेली. परवा त्यातल्या एकाला आम्ही विचारले, सैन्यात जायचे का? म्हणाला, “नाही सर, पोलीस भरती. सैन्यात आता चारच वर्षं असतात ना.” आम्ही त्याला सोळाशे मीटरची वेळ विचारली. त्याने सांगितली आणि पुढच्या फेरीला निघून गेला. वेळ चांगली होती. पण जिल्हा पोलीस भरतीत सोळाशे मीटरच्या पुढे कोणी पळवत नाही.