पोटगी, लिफ्ट आणि दावा

'अपहोल्ड' हे इंग्रजी क्रियापद या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलतो. 'डिफेंड'वरचा लेख वाचून डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : सोसायटीला दरमहा भरतो ते मेंटेनन्स, कोर्ट बायकोला नवऱ्याकडून मिळवून देतं तेही मेंटेनन्स, आणि परवा बातमीत होतं की अमुक याचिका 'मेन्टेनेबल' नाही. आता याचिकेची कसली आली देखभाल? प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला सारून पुढे जाववत नाही.

'मेन्टेन' इंग्रजीत फ्रेंचमधून आलं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले दोन शब्द आहेत : 'मानू' म्हणजे हाताने आणि 'तेनेरे' म्हणजे धरणं. 'मॅन्युअल', 'मॅन्युस्क्रिप्ट' यांच्यातला हात तोच. 'टेनंट', 'रिटेन', 'सस्टेन' यांच्यातलं धरणंही तेच. नेदरलँड्सच्या राजचिन्हावर आजही 'झ मँत्यांद्रे' हे फ्रेंच ब्रीद आहे. 'मी राखीन', असा त्याचा अर्थ. डचांचं स्वतःचं क्रियापद 'हांडहाव्हन', आणि त्यातही 'हांड' म्हणजे हातच.

'डिफेंड'ला समोर हल्ला करणारा लागतो, हे आपण पाहिलंच. 'मेन्टेन'ला तसा कोणी लागत नाही. हात सैल पडला की वस्तू खाली येते, एवढंच पुरतं. म्हणून ते एकदा करून मोकळं होण्याचं काम नव्हे. लिफ्ट बंद पडल्यावर कारागीर येऊन ती सुरू करतो, ते 'रिपेअर'. लिफ्ट उत्तम चालत असतानाही तो ठरल्या दिवशी येतो, ब्रेक तपासतो, दोर पाहतो, तेलपाणी करतो, ते 'मेंटेनन्स'. वेग, शांतता, दोन देशांचे संबंध, बँकेतली किमान शिल्लक या सगळ्यांपुढे 'मेन्टेन' लागतं ते याच कारणाने. आणीबाणीत ज्या कायद्याखाली माणसं तुरुंगात डांबली गेली त्या १९७१च्या 'मिसा'तला 'म'सुद्धा 'मेंटेनन्स'चाच : अंतर्गत सुरक्षा राखण्याचा कायदा. तो पुढे रद्द झाला, पण 'मिसाबंदी' हा शब्द मराठीत राहिला.

सोसायटीच्या बिलाकडे मात्र जरा बारकाईने पाहा. आपण सगळ्या रकमेला सरसकट 'मेंटेनन्स' म्हणतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तसं नाही. पगार, जिन्यातले दिवे, कार्यालयीन खर्च हे सेवाशुल्क. ते प्रत्येक सदनिकेला सारखं. 'दुरुस्ती व देखभाल निधी' हा वेगळा रकाना, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के. सिंकिंग फंड आणखी वेगळा, किमान ०.२५ टक्के. इमारत खऱ्या अर्थाने 'मेन्टेन' होते ती या मधल्या रकान्यातून, आणि सर्वसाधारण सभेत कात्री लागते ती बहुतेकदा त्यालाच. दहा वर्षांनी गच्ची गळायला लागली की मग एकदम लाखांची वर्गणी निघते.

आता पोटगी. हा शब्द मला अपुरा वाटतो. त्यात पोट आहे, बाकी काही नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ने 'मेंटेनन्स'ची व्याख्या करताना अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार अशी पाच नावं घेतली आहेत. आई-वडिलांसाठीच्या २००७च्या कायद्याला मराठीत 'चरितार्थ' हा शब्द वापरतात. तो कितीतरी भरीव आहे. म्हाताऱ्या आईला चरितार्थ आणि टाकलेल्या बायकोला पोटगी, हा भेद कायद्याच्या इंग्रजी पाठात नाही. तो आपण केलेला आहे.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाचं पहिलंच वाक्य या क्रियापदासाठी वाचावं. (१ जुलै २०२४पासून हे कलम नव्या संहितेत १४४ क्रमांकाने आलं आहे.) ऐपत असूनही जो माणूस आपल्या पत्नीला 'मेन्टेन' करत नाही, आणि जी पत्नी स्वतःला 'मेन्टेन' करू शकत नाही, अशी त्याची बांधणी. एकाच वाक्यात क्रियापद तेच, कर्ते दोन. पहिल्याने हात काढून घेतलाय आणि दुसरीच्या हातात काही नाही. कायद्याच्या भाषेत इतकं उघडं वाक्य क्वचित भेटतं.

या कलमाखालचा सर्वांत गाजलेला खटला इंदूरच्या शहाबानो यांचा. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना महिना २५ रुपये ठरवून दिले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. वकील असलेल्या पतीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फेटाळलं आणि 'मेंटेनन्स'चा आदेश 'अपहोल्ड' केला. पुढे १९८६ साली संसदेने केलेला कायदा आणि त्याचं राजकारण सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातली रक्कम विसरता येत नाही. देशाचं राजकारण ढवळून निघालं ते महिना १७९ रुपये २० पैशांच्या आदेशावरून. तेव्हा या कलमाखाली कमाल मर्यादाच मुळी ५०० रुपये होती. ती २००१ साली उठली.

याचिकेचं कोडं मराठीतून चटकन सुटतं. आपण घर चालवतो तसा दावाही चालवतो. 'मेन्टेन अ फॅमिली' म्हणजे कुटुंब चालवणं, 'मेन्टेन अ सूट' म्हणजे दावा चालवणं. याचिका 'मेन्टेनेबल' नाही म्हणजे ती या कोर्टात किंवा या स्वरूपात चालू शकत नाही. याचिकाकर्त्याचं म्हणणं खरं की खोटं, हे कोर्टाने अजून पाहिलेलंही नसतं. बातमीत मात्र 'याचिकाकर्त्याला दणका' असा मथळा पडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, निकाल लागला.

इथे एक आडवाट घेतोच. जुन्या इंग्लंडमध्ये 'मेंटेनन्स' हा चक्क गुन्हा होता! बडे सरदार दुसऱ्याच्या भांडणात पैसा आणि माणसं पुरवून दावे चालवायला लावत आणि न्यायाधीशांवर दडपण आणत. त्या पाठबळाचं नाव 'मेंटेनन्स', आणि जिंकल्यावर वाटा घ्यायचा करार असेल तर 'चॅम्पर्टी'. इंग्लंडने हा गुन्हा पुस्तकातून काढला तो १९६७ साली. हिंदुस्थानात मात्र तो कायदा लागूच नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७६ सालीच ठरवलं होतं. गरिबाचा खरा दावा पैशावाचून बुडू नये, हा विचार त्यामागे होता आणि तो मला पटतो.

राहिला 'म्हणणं' हा अर्थ. 'ही मेन्टेन्ड दॅट ही वॉज अॅट होम' याचं भाषांतर 'आपण घरी होतो, असे त्याने सांगितले' असं छापून येतं. एवढ्याने भागत नाही. 'क्लेम'मध्ये ते म्हणणं नोंदवणाऱ्याला शंका असते, 'इन्सिस्ट'मध्ये बोलणाऱ्याचा हट्ट असतो. 'मेन्टेन'मध्ये उलटतपासण्या झाल्या, पुरावे पुढे आले, तरी म्हणणं हातातून सुटलेलं नसतं. 'घरी होतो, या म्हणण्यावर तो ठाम राहिला' हे जवळचं. 'हेका धरला' लिहू नये, त्यात आपलं मत मिसळतं. आणि या अर्थी 'ही इज मेन्टेनिंग दॅट' अशी रचना सहसा करत नाहीत. 'ही मेन्टेन्स दॅट' एवढं पुरतं.

शेवटी स्पेलिंग. क्रियापदाच्या शेवटी 'ए-आय-एन' असतं, नामात त्या जागी 'ई-एन' येतं. 'सस्टेन'चं 'सस्टेनन्स' होतं, अगदी तसंच. आघातही दुसऱ्या अक्षरावरून पहिल्यावर सरकतो. कित्येक सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर, पावत्यांवर नामातही 'ए-आय' छापलेलं असतं. तुमच्या पावतीवर तसं असेल, तर नवं पुस्तक छापायला टाकण्याआधी सचिवांना जरूर सांगा.