चार सेंटिमीटरचा सौदा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालं की सातपूरला महिंद्रचा कारखाना लागतो. 2002 साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ इथलीच. उंच, दणकट, खड्ड्याला न भिणारी. त्याच रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी नेमक्या उलट तब्येतीच्या गाड्याही दिसतात: चाक मडगार्डात अर्धवट गडप, बंपर डांबराला टेकायच्या बेतात. स्प्रिंग बदलून किंवा सरळ कापून ‘लो’ केलेल्या. का केली असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. रोडग्रिप वाढते.

उत्तर खोटं नाही, पण किती खरं आहे ते मोजून बघता येतं. गाडी 1000 किलोची धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर. वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतका आडवा जोर आला, तर आतल्या चाकांवरचा 183 किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे भाराची ही सरकासरक जितकी कमी, तितकी चारही टायरांची मिळून पकड जास्त. आता गाडी 4 सेंटिमीटर खाली घ्या. 183चे 170 होतात. कमाई 13 किलोंची. कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर सेकंदाच्या अंशासाठी झुंजणाऱ्याला ती मोलाची. अंजनेरीच्या पायथ्याशी ट्रॅक्टरच्या मागे अडकलेल्याला ती कुठे जाणवणार?

मग लो केलेली गाडी वळणात घट्ट का वाटते? बहुतेक वेळा उंचीमुळे नव्हे, सोबत आलेल्या ताठ स्प्रिंगांमुळे. नुसती उंची कमी केली आणि ताठपणा तसाच ठेवला, तर उलटंही घडू शकतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्डच्या गाड्यांतून 1950च्या सुमारास रुळलेली ही रचना स्वस्त, सुटसुटीत आणि जागा वाचवणारी आहे. मात्र तिच्यात गाडी खाली बसली की चाकाकडे जाणारा खालचा आर्म बाहेरच्या बाजूने वर उचलला जातो. ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी वळणात कलते, तो बिंदू त्यामुळे गाडीपेक्षाही जास्त खाली उतरतो. गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलंडवणारी तरफ लांब होते. स्टिअरिंगच्या टायरॉडचा कोनही बिघडतो आणि खड्ड्यात चाक आपोआप किंचित वळायला लागतं. अलाइनमेंटवाल्याकडे वारंवार जाऊनही हे पुरतं सुटत नाही.

स्प्रिंग कापणं हा स्वस्तातला मार्ग. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग सुमारे वीस टक्के ताठ होते. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा राहतो. स्प्रिंग उसळते, त्याला ती आवरत नाही. चाक हवेत लोंबकळलं तर आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटायचीही भीती असते.

त्यात त्र्यंबकला कुणी एकटं जात नाही. नारायण नागबळीचा विधी म्हटला की तीन दिवसांचा मुक्काम, घरची माणसं, बॅगा, जमलं तर एखादी आत्याही. मागच्या प्रत्येक चाकाशी स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला 20 न्यूटन धरला, तर मागे 200 किलो वाढले की गाडी जवळपास 5 सेंटिमीटर दबते. चार आधीच काढून घेतलेले. आता चाकाला वर यायला जागाच उरत नाही, गाडी रबराच्या बंपस्टॉपवर आदळायला लागते. त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी. चाक खड्ड्याच्या काठावरून उडतं, आणि उडालेल्या चाकाला पकड कसली? मागे बसलेल्या आत्याच्या कंबरेचा हिशोब वेगळाच.

नाशिक परिसरात राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ होत आली आहे. कच्च्या वाटेवर निष्णात रॅलीवाले गाडी उंच ठेवतात, चाकाला वर-खाली व्हायला भरपूर जागा देतात आणि पैसा ओततात तो शॉकअपवर. तीच मंडळी गुळगुळीत डांबरी रॅलीला गाडी खाली घेतात. उंची रस्ता ठरवतो. पावसाळ्यानंतर तोरंगण घाटातून मोखाड्याकडे जायचं असेल तर रॅलीवाल्यांची कुठली मांडणी उचलायची, हे सांगायला नकोच.

गतिरोधकाबाबत मात्र मी लो गाडीवाल्यांच्या बाजूने थोडा उभा राहीन. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येचा हवा. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.45 मीटर अंतर असतं. अशा उंचवट्यावर दोन्ही चाकं असताना मधला भाग पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. स्विफ्टचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर. त्यातून 40 वजा करा, माणसांच्या वजनाचे आणखी काही, तरी ती सुखरूप पार होते. ऑईल चेंबर फुटतो तो गावोगाव रातोरात उगवणाऱ्या अरुंद, उभट ढिगांवर, कारण तिथे पूर्ण उंची दोन चाकांच्या मध्ये शिरते.

कायदा तितका उदार नाही. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात ही बाब आणखी घट्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली.

ज्याला खरंच वळणात गाडी हातात हवी आहे, त्याने पैसे आधी चांगल्या टायरांवर घालावेत. मग थकलेले शॉकअप आणि आर्मचे झिजलेले बुश बदलावेत, शेवटी अलाइनमेंट करावं. पाच-सहा वर्षं चाललेल्या गाडीत एवढ्यानेच इतका फरक पडतो, की पुष्कळांचा स्प्रिंग कापायचा विचार गॅरेजच्या दारातच मावळतो.