खाजकुहिली, लाखोळी आणि मेंदूंतील दोन दूत

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक हें गांव आचार्य विनोबा भावे यांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा कोंकणी गांवांच्या परिसरांत, रानांत व कुंपणांवर, खाजकुहिलीचा वेल माजतो. तिच्या शेंगेवरील लव अंगाला लागली कीं खाजेनें जीव हैराण होतो. परंतु त्याच शेंगेच्या बियांत कंपवातावरील औषधद्रव्य दडलेलें आहे. तिकडे विदर्भांत, भंडारा-गोंदियाच्या बाजूस, भातानंतरच्या ओलीवर लाखोळी पिकते. तिची डाळ गरिबाचें अन्न. पण टंचाईच्या काळीं महिनेच्या महिने तीच खाल्ली, तर पाय ताठरून कायमचें पांगळेपण येतें. एका बियांत उपाय, दुसऱ्यांत अपाय. या दोहोंचा उलगडा मेंदूंतील दोन रासायनिक दूतांच्या संबंधांत सांपडतो.

मेंदूच्या पेशी एकमेकींना रसायनांच्या द्वारें निरोप धाडतात. त्यांपैकीं ग्लूटामेट हा चेतविणारा दूत. मेंदूच्या वरच्या थरांतील आज्ञा तो आंतल्या गाभ्याकडे नेतो. डोपामीनचें काम निराळें. आलेल्या आज्ञांपैकीं कोणती पुढें जावी व कोणती अडावी, हें ठरविण्यास तें साह्य करतें. वाडीच्या पाटांतून वाहणारें पाणी म्हणजे ग्लूटामेट, आणि तें हव्या त्या आळ्याकडे वळविणारा माळी म्हणजे डोपामीन. गाभ्यांतील एकाच पेशीच्या सूक्ष्म अंकुरावर हे दोघेही येऊन पोंचतात.

कंपवातांत डोपामीन तयार करणाऱ्या काळसर पेशी झडत जातात. माळी गेला कीं पाणी भलतीकडे तुंबतें. हालचाल रोखणारा मार्ग प्रबळ होतो, गाभ्यांतील एका लहानशा केंद्रांतून ग्लूटामेटचा मारा वाढतो, आणि शरीर जखडतें. १९३७ सालीं मद्रासेंत दामोदरन् व रामस्वामी यांनीं कुहिलीच्या बियांतून लेव्होडोपा हें द्रव्य वेगळें काढलें. मेंदूंत त्याचें डोपामीन होतें, याचें महत्त्व मात्र पुढें कळलें. १९५७ सालीं स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन् यांनीं सर्पगंधेंतील रेसर्पीन देऊन प्राणी निश्चल केले व लेव्होडोपा टोंचून त्यांना पुन्हां सचेत केलें. हीच सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी असल्याचें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं जगापुढें मांडलें होतें. कुहिलीच्या बियांचा कंपवातावरील प्रयोगही मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केला.

मग डोपामीन भरून काढलें, कीं काम संपलें काय? तसें होत नाहीं. कांहीं वर्षांनीं अनेक रोग्यांचे हातपाय औषधाच्या भरांत आपोआप वळवळूं लागतात. डोपामीन संथपणें न मिळतां लाटेसारखें येऊं लागलें, म्हणजे ग्लूटामेटच्या निरोपांना पेशी वाजवीपेक्षां अधिक जोरानें प्रतिसाद देतात. अशा वेळीं ॲमांटाडीन हें मूळचें इन्फ्ल्यूएंझावरील औषध उपयोगीं पडतें. तें ग्लूटामेटच्या एका द्वाराला आवर घालतें.

लाखोळीचा अपाय याच दुसऱ्या दूताच्या वाटेनें होतो. तिच्यांतील विष भारतीय शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं ओळखलें. तें ग्लूटामेटचें सोंग घेऊन पेशींना इतकें चेतवितें कीं, पाय चालविणाऱ्या पेशी नाश पावतात. उलट, केटामीन हें भुलीचें औषध ग्लूटामेटचें द्वार अडवितें, तेव्हां धडधाकट माणसालाही घटकाभर भास होऊं लागतात. म्हणून छिन्नमनस्कतेंत डोपामीनच्या अतिरेकामागें ग्लूटामेटचा दुबळेपणा असावा, असें अनेक संशोधक मानतात.

तात्पर्य, एकच रसायन वाढविणें वा घटविणें म्हणजे मेंदूचा रोग बरा करणें नव्हे. दोघांचा मेळ सांभाळावा लागतो. कंपवाताच्या रोग्यानें वैद्याच्या सल्ल्यावांचून गोळ्यांच्या जोडीला कुहिलीचें चूर्ण घेऊं नये, किंवा चालू औषध एकाएकीं सोडूं नये. दोन्हींत धोका आहे. लाखोळी खाणारानें ती भिजवून पाणी टाकून द्यावें, आणि ताटांत दुसरें धान्य व डाळ अवश्य असूं द्यावी.