गोदामाची किल्ली कोणाकडे?

संभाजीनगरात नवा कारखाना येणार म्हटलं की पहिल्या पानावर कामगारांचा आकडा झळकतो. 2024च्या जुलैत टोयोटा किर्लोस्करने सुमारे 20 हजार कोटींच्या प्रकल्पासाठी करार केला, स्कूटर बनवणाऱ्या एथरनेही इथल्या ऑरिक औद्योगिक नगरीची निवड केली. तेव्हाही चर्चा त्याच आकड्याची झाली. त्या कामगारांच्या घरी तेल, साबण, पंखा, पोरांचे शाळेचे बूट कोण पोचवणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. वाळूजला 1985मध्ये बजाज आली, मागोमाग आसपासचे बजाजनगर, पंढरपूर, रांजणगाव फुगत गेले आणि तिथला बाजार दुकानागणिक आपला आपण उभा राहिला. तो बाजार चालवणाऱ्या माणसाच्या, म्हणजे व्यवस्थापकाच्या, नोकरीबद्दल मला इथे लिहायचं आहे.

कॅनडाचं सरकार किरकोळ आणि घाऊक व्यापारातल्या व्यवस्थापकांना पुढच्या तीन वर्षांत कुठल्या प्रांतात कितपत वाव आहे, ते जाहीर करतं. आपल्याकडच्या 2015च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातही या कामाला 1420 हा स्वतंत्र क्रमांक आहे. पण औरंगपुऱ्यात बी.कॉम. करणाऱ्या पोराला विचारा, तो बँकेचं नाव घेईल, एमपीएससीचं घेईल. दुकान म्हणजे मालकाच्या पोराचं काम, अशी त्याची समजूत.

तरुणांना या क्षेत्रातली दिसणारी नोकरी मॉलमधली. 2010मध्ये चिकलठाण्याला प्रोझोन सुरू झाला, पुढे डी-मार्ट, रिलायन्सची दुकानं आली. इथली शिडी सरळ आहे. काउंटरवर लागलेला मुलगा नीट काम करत असेल तर विभाग सांभाळतो, मग स्टोअर मॅनेजर होतो. 2017च्या कायद्याने राज्यातल्या दुकानांना वर्षभर रोज उघडं राहण्याची मुभा दिली, पण नोकराची साप्ताहिक सुटी कायम ठेवली. साहजिकच एका दुकानाला एक जबाबदार माणूस पुरत नाही, दुसरा लागतोच. तरी या नोकऱ्यांना मर्यादा आहे. बदली कुठेही होते, आणि कंपनी बुडाली तर शिडीच निघून जाते. 2022मध्ये फ्यूचर ग्रुपची दुकानं देशभर बंद झाली तेव्हा ते दिसलं.

माझ्या मते या शहराचा खरा वाव घाऊक मालात आहे. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, गंगापूर, पैठणचा किराणावाला माल भरतो तो इथून. जुना मोंढा, शहागंज, गुलमंडी, जाधववाडी, आणि आता शहराबाहेरच्या रस्त्यांवरची पत्र्याची मोठी गोदामं. 5 जून 2025ला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, हे चांगलंच झालं. पण रस्ता दोन्ही बाजूंनी पळतो. भिवंडीतून निघालेला माल इथे न थांबता थेट तालुक्याला जाऊ शकतो. जीएसटीनंतर राज्याराज्यात डेपो ठेवण्याचं कारणही कमी झालं. कंपनीने इथलं गोदाम ठेवावं की नाही, हे इथला मॅनेजर किती कामाचा आहे यावर बरंचसं ठरणार.

कामाचा म्हणजे काय, त्यासाठी 2025चा सप्टेंबर आठवावा. 22 तारखेला जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, बिस्किटं 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली. गोदामात थप्प्या जुन्या छापील किमतीच्या. कुठला बॉक्स कुठल्या दराने घेतलाय ते वेगळं काढायचं, बिलिंगचे दर रातोरात बदलायचे, सिल्लोडच्या दुकानदाराला बॉक्सवरची किंमत आणि बिलातली किंमत वेगळी का ते पटवायचं, आणि फरकाचा क्लेम कंपनीकडे वेळेत लावायचा. त्याच महिन्यात मराठवाड्यावर पाऊस कोसळला. सोयाबीन पाण्यात, कापूस काळवंडलेला. दिवाळीचा माल नेहमीसारखा भरला असता तर तो पडून राहिला असता आणि खेड्यातली उधारी अडकली असती. पुण्याच्या ऑफिसातून आलेलं टार्गेट पाहून ऑर्डर टाकणारा आणि शिवारातलं पाणी पाहून टाकणारा, या दोघांतला फरक नफ्यातोट्याचा असतो. हे शहाणपण मोंढ्यातल्या मुनीमजींकडे होतं. आता ते संगणकाच्या हिशेबाशी जोडणारी माणसं हवीत, आणि ती मराठवाड्यातच सापडतील.

बी-बियाणं आणि खतांचा व्यापार हा आपल्याकडचा आणखी एक भरभक्कम भाग. शेजारच्या जालन्यात 1964पासून महिको आहे. खत आता आधार पडताळून पॉस मशीनवर विकावं लागतं, साठा रोज जुळावा लागतो. मृगाच्या आगेमागे काही आठवड्यांत वर्षाची विक्री होते. उरलेल्या बियाण्याची मुदत टळते. कृषी पदवीधराला इथे शेतकऱ्याशी बोलणारा आणि साठा राखणारा, अशी दुहेरी किंमत आहे.

अडचण कुठे आहे, तर मालकाच्या मनात. आपल्याकडचं बहुतेक घाऊक दुकान घराण्याचं. मालकाची मुलं पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेली, गादी रिकामी होत चालली, तरी परक्या माणसाला अधिकार द्यायला हात धजत नाही. चांगला पगार रोखीत देतील, पण नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही. मग तोच मुलगा कमी पैशात मॉलमध्ये जातो, कारण तिथली पगारपावती गृहकर्जाला चालते आणि लग्नाच्या बोलणीत दाखवता येते. त्याला दोष देता येत नाही. हिशेबात तरबेज मुलींचं तर गोदामाच्या नोकरीत नावही निघत नाही. स्वच्छतागृह आणि रात्री घरी सोडायची गाडी, इतक्या दोन सोयींवर हे अडलं आहे.

या वाटेला जाणाऱ्यांनी मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: ऑर्डर कोण टाकतं, उधारीची मर्यादा कोण ठरवतं, आणि मालक गावाला गेले की सही कोणाची चालते.